हत्तीपाय आणि माणसाचे मन

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, हे तुम्ही शाळेच्या भूगोलात वाचले असेल. कोहळी मंडळींनी बांधलेले ते तलाव, त्यांखालची धानाची बांधी, श्रावणात चाललेली रोवणी, हे सगळे वर्णन कौतुकाने केले जाते आणि ते योग्यच आहे. नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळ्याची कथा तर इकडे लहान मुलालाही ठाऊक असते. (१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो तलाव तिकडे गेला. कथा मात्र दोन्हीकडे राहिली.) पण तलाव आणि धान यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट आमच्या मुलखाला चिकटलेली आहे, ती भूगोलाच्या पुस्तकात कोणी घालत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सारा पट्टा हत्तीरोगाचा पट्टा आहे. आठवडी बाजारात उभे राहा. गुडघ्यापासून खाली खांबासारखा सुजलेला पाय घेऊन हळूहळू चालणारे एखादे माणूस दिसेलच. धोतराआड लपलेली अंडवृद्धी दिसायची नाही, पण ती त्याच रोगाची दुसरी बाजू.

आता तुम्ही म्हणाल, की जंतूने आणि डासाने होणारा हा रोग. त्याचा मनाशी काय संबंध? चिंतेने पोट बिघडते, रागाने रक्तदाब वाढतो, हे आपण ऐकून आहोत. पण सुतासारख्या कृमीला माणसाच्या भीतीशी, लाजेशी, सवयीशी काय देणेघेणे? माझे म्हणणे असे आहे, की हत्तीपायाचा इतिहास चाळला तर मनाचा आणि वागणुकीचा इतका मोठा वाटा दुसऱ्या फार थोड्या रोगांत सापडेल. म्हणून त्या इतिहासाचीच चार पाने आज उलटू या.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग चांगला ठाऊक होता. ते त्याला श्लीपद म्हणत. सुश्रुताच्या निदानस्थानात बाराव्या अध्यायात श्लीपदाचा विचार आला आहे, आणि मौज अशी, की वृद्धी म्हणजे अंडाची सूज हिचाही विचार त्याच अध्यायात आहे. दोहोंचे मूळ एकच आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध व्हायला पुढे कित्येक शतके जायची होती. पण दोन विकार एकाच प्रकरणात बसवण्याइतके निरीक्षण त्या ग्रंथकाराजवळ होते. आणखी एक गोष्ट त्याने नोंदली: ज्या प्रदेशात जुने, साचलेले पाणी भरपूर असते आणि जिथे सर्व ऋतूंत थंडावा असतो, तिथे हा रोग विशेष आढळतो. इकडचा म्हातारा शेतकरी आजही म्हणतो, "पाणी लागलं." त्या दोन शब्दांत सुश्रुताचीच परंपरा बोलत असते.

पण ही अर्धी गोष्ट. पाण्याचा संबंध खरा असला तरी तो कसा, हे कळायला पाणी ओलांडून डासापर्यंत जावे लागले. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास तलावाच्या स्वच्छ, मोकळ्या पाण्यात फारसा रमत नाही. त्याला हवे असते घरामागचे सांडपाणी, तुंबलेली नाली, उघडा शोषखड्डा. म्हणजे ज्या तलावाला आपण दोष देत बसतो तो बहुधा निर्दोष, आणि दोषी पाणी आपल्या मोरीच्या तोंडाशी असते. दोष दूरच्या गोष्टीवर टाकला की जवळचे काम करावे लागत नाही, ही मनाची जुनी खोड. 'पाणी लागलं' म्हटले की नशिबाला बोल लावून मोकळे होता येते. नाली उपसायची झाली तर मात्र शेजाऱ्याशी भांडावे लागते.

एकोणिसाव्या शतकात या कृमीचा शोध तुकड्यातुकड्यांनी लागला. १८६३ साली पॅरिसमध्ये, १८६६ साली ब्राझीलमध्ये, १८७२ साली आपल्या कलकत्त्यात टिमथी लुइसला रोग्याच्या रक्तात, असे त्याचे सूक्ष्म पिल्लू ठिकठिकाणी दिसले. १८७६ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला जोसेफ बँक्रॉफ्टने पूर्ण वाढलेली मादी पाहिली: आठ-दहा सेंटिमीटर लांब, केसासारखी बारीक. ती शरीरातल्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे रक्ताखेरीजचा जो पातळ रस अंगात फिरतो त्याच्या नळ्यांत, घर करून राहते. पाच-सहा वर्षे, कधी त्याहून जास्त. तिथून ती लक्षावधी पिल्ले रक्तात सोडते.

मग पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर आला. तो चीनमधल्या अमॉय बंदरात होता. १८७७ साली त्याने आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात हे कृमी होते त्याला, रात्री डासांच्या खोलीत झोपवले आणि त्याला चावलेले डास चिरून पाहिले. कृमी डासाच्या पोटात वाढतो, हे त्याने पाहिले. एखादा कीटक माणसाच्या रोगाचे बीज आपल्या अंगात वाढवतो, हे वैद्यकाला प्रथमच कळत होते. पुढे मलेरियाच्या शोधात रोनाल्ड रॉसला ज्याने वाट दाखवली तोही हाच मॅन्सन. पण त्याचाही एक तर्क चुकला. त्याला वाटले, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो. पुन्हा पाणीच! कृमी डासाच्या सोंडेवाटे चावताना शिरतो, हे १९०० साली जॉर्ज लो याने दाखवले.

मॅन्सनचे आणखी एक निरीक्षण तर कादंबरीत शोभावे असे आहे. ही पिल्ले दिवसा बोटाच्या रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. ती फुप्फुसांतल्या नसांत दडून असतात. रात्र पडली, की बाहेरच्या रक्तात येतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची गर्दी होते. क्युलेक्स डासाची चावण्याची वेळही तीच. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीला आरोग्य खात्याची माणसे रात्री दहानंतर गावात येतात. ज्याला हे ठाऊक नाही तो साहजिकच म्हणतो, "अर्ध्या रात्री रक्त नेतात, म्हणजे काहीतरी भानगड आहे."

१८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टराने एक साधी गोष्ट केली. आपल्या रोग्याला त्याने दिवसा झोपवले आणि रात्री जागे ठेवले. थोड्याच दिवसांत कृमीचे वेळापत्रक उलटे झाले. पिल्ले दिवसा रक्तात दिसू लागली आणि रात्री नाहीशी होऊ लागली. म्हणजे कृमीचे घड्याळ सूर्यावर चालत नव्हते, माणसाच्या झोपेवर चालत होते. वागणुकीचा रोगाशी संबंध तो काय, असे ज्याला वाटते त्याने या एका प्रयोगावर विचार करावा. आपण कधी निजतो, कधी उठतो, याची नोंद आपल्या अंगातला परका जीवही ठेवत असतो.

आता औषधाकडे वळू. १९४७ साली डायएथिलकार्बामेझिन हे औषध प्रचारात आले. नाव भयंकर आहे, म्हणून सगळे जण डीईसी म्हणतात. आपणही तसेच म्हणू. रक्तातल्या पिल्लांचा ते झपाट्याने नाश करते. स्वस्त, तोंडाने घ्यायचे, सुई नाही. स्वतंत्र भारताने १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा या गोळ्या रोगाच्या मुलखातल्या सगळ्यांनाच वाटायच्या असे ठरले. कागदावर बेत उत्तम होता. पण काही वर्षांतच सामुदायिक गोळ्यांची ती मोहीम गुंडाळावी लागली. लोक गोळ्या घेईनात. कार्यक्रम मग मुख्यतः शहरांतल्या नाल्यांवर अळीनाशक फवारण्यापुरता उरला आणि खेडी कित्येक वर्षे जवळजवळ वाऱ्यावर राहिली. डास शहरात फवारायचा आणि रोग खेड्यात राहायचा, अशी ती तऱ्हा.

लोक गोळ्या का घेईनात? अडाणी म्हणून? हे उत्तर कचेरीत बसून द्यायला सोपे आहे. पण रोग्याच्या खाटेवर बसून विचार करा. या रोगाची गंमत अशी, की ज्याच्या रक्तात पिल्ले असतात तो बहुतेक वेळा धडधाकट दिसतो. वर्षानुवर्षे त्याला काही होत नाही. उलट ज्याचा पाय हत्तीसारखा झाला त्याच्या रक्तात पुष्कळदा पिल्ले सापडतच नाहीत, आणि गोळीने त्याचा पाय काही पूर्ववत होत नाही. म्हणजे औषध द्यायचे निरोग्याला, आणि ज्याला रोग दिसतो आहे त्याला त्याचा उपयोग थोडा. सर्वसाधारण व्यवहारज्ञानाच्या हे अगदी उलट आहे. "मले का झालं? मी कायले गोळी खाऊ?" हा प्रश्न मूर्खाचा नाही, विचार करणाऱ्या माणसाचा आहे.

त्यात दुसरी गोष्ट. डीईसीने पिल्ले मरू लागली, की मेलेल्या कृमींवर शरीर उसळते. त्यामुळे एखाद-दोन दिवस ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते, मळमळते. ज्याच्या अंगात कृमी नाहीत त्याला बहुधा काहीच होत नाही. म्हणजे ताप येतो तो नेमका ज्याला गोळीची गरज होती त्याला! पण गावात बोलले जाते ते असे: "काल ठणठणीत होता, गोळी खाल्ली आणि पडला." झाले. एकाचा ताप दहा घरांत जातो. दुसऱ्या दिवशी ज्याने गोळी घेतली आहे तो आपल्या कपाळाला हात लावून पाहू लागतो आणि त्याला कणकण वाटू लागते. वॉल्टर केनेडी याने १९६१ साली अशा प्रकाराला 'नोसिबो' असे नाव दिले. औषधाने बरे वाटेल या नुसत्या विश्वासाने बरे वाटते तसे, औषध बाधेल या भीतीने खरोखर बाधते. हे ढोंग नव्हे. डोके खरेच दुखते, ओकारी खरीच होते. शाळेत रांगेने गोळ्या दिल्या आणि एका मुलाने पोट धरले, की पाठोपाठ आणखी काही मुले पोट धरतात. ती मुले खोटे बोलत नसतात.

भीतीचा हा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगाचा कायदा केला आणि पुण्यात गोरे सोजीर माजघरापर्यंत शिरून रोगी शोधू लागले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. आजारी माणूस इस्पितळाच्या नावाने आधीच अर्धमेला होई. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, तो प्रसंग सर्वांना पाठ आहे; पण त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग कमी लोकांना आठवतो. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिनने आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याला ताप आला, वेदना झाल्या, आणि तो त्यातून उठला. मग इतर लोक पुढे आले. सोजिराला जे साधले नाही ते स्वतःच्या दंडावर सुई टोचून घेणाऱ्याला थोडेफार साधले. आज गोळ्यांच्या मोहिमेच्या आरंभी अधिकारी लोकांसमोर गोळी गिळतात, ती परंपरा नकळत तिथली आहे.

मात्र भीती नेहमीच पोकळ असते, असेही मी म्हणणार नाही. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी याच लशीच्या एका दूषित बाटलीमुळे एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली. हाफकिनवर ठपका आला. तो धुऊन निघायला १९०७ साल उजाडले. पण ज्या गावात एकोणीस तिरड्या निघाल्या त्याला पुढे सुईची भीती वाटली तर त्याला कोणत्या तोंडाने हसायचे?

लोकांच्या मनाशी झुंजण्यापेक्षा मनाला वळसा घालावा, असाही प्रयत्न झाला. फ्रँक हॉकिंग नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ होता, विख्यात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचा बाप. १९६७ साली त्याने ब्राझीलमध्ये काम करून दाखवले, की डीईसी मिठात मिसळून रोजच्या जेवणातून थोडे थोडे पोटात गेले तर रोग हटतो आणि ताप वगैरे फारसा येत नाही. चीनने हे मीठ मोठ्या प्रमाणावर वापरले, आणि हत्तीरोगाचे निर्मूलन केलेला देश म्हणून २००७ साली त्याचे नाव झाले. आपल्याकडे लक्षद्वीप बेटांवर आणि कारैकलला हे मीठ वापरून पाहिले. युक्ती नामी खरी. पण एवढ्या मोठ्या देशात दर घरी कोणते मीठ शिजते यावर कोण लक्ष ठेवणार? शिवाय मला व्यक्तिशः ही वाट थोडी खुपते. मन चुकवून दिलेले औषध उद्या कळले, की मन दुप्पट बिथरते.

शेवटी देश पुन्हा गोळीकडेच आला, पण रीत बदलली. सलग अनेक दिवसांऐवजी वर्षातून एकदाच डोस द्यायचा, मात्र सर्वांनी आणि वर्षानुवर्षे. प्रौढ कृमी जोवर जिवंत आहेत तोवर दरवर्षी पिल्ले मारत राहायची, म्हणजे डासाला उचलायला काही उरत नाही. २००४ पासून ही मोहीम देशभर सुरू झाली. पुढे डीईसीबरोबर अल्बेंडाझोलची गोळी आली, आणि नंतर आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध. तीन औषधांचा हा प्रयोग देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम झाला त्यांत आपले शेजारचे नागपूर होते. निर्मूलनासाठी आधी २०१५ हे साल ठरले होते, आता २०२७ म्हणतात.

तारीख पुढे का जाते? गोळ्या कमी पडल्या म्हणून नव्हे. आशाताई घरोघर जाते, गोळ्या मोजून देते. घरचा कर्ता म्हणतो, "ठेवून जा बाई, जेवल्यावर खातो." उपाशी पोटी घ्यायची नाही ही सूचना खरीच असते, त्यामुळे तिला काही बोलता येत नाही. वहीत नोंद होते. गोळ्या फडताळात जातात, चिमणीच्या डब्याशेजारी, आणि पुढच्या दिवाळीच्या झाडलोटीत सापडतात. आमच्या भागात अशी घरे मी पाहिली आहेत, त्यांत शिकलेली घरेही आहेत. किंबहुना शिकलेल्या घरांत सबबी अधिक सफाईदार असतात. म्हणून समोरच गिळायला लावा, असा नियम झाला. नियम बरोबर आहे. पण काही ठिकाणी सांगण्याची जी तऱ्हा आहे ती मला पटत नाही. "काही होत नाही, अगदी सुरक्षित आहे," असे सांगून गोळी दिली आणि रात्री ताप भरला, तर सांगणारी खोटी ठरते आणि पुढच्या वर्षी दार उघडत नाही. त्याऐवजी, "ताप येईल कदाचित, आला तर समज, की तुझ्या अंगात किडे होते आणि ते मरताहेत, दोन दिवसांत उतरेल, नाही उतरला तर मला बोलाव," असे सांगितले तर तोच ताप पुरावा होतो. ताप तेवढाच, अंगदुखी तेवढीच. मनाने त्याचा अर्थ काय लावला, यावर पुढचे वर्ष अवलंबून.

आता ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांच्याकडे वळू. मोहिमेच्या धांदलीत तेच मागे राहतात. या माणसांचे पहिले दुःख पायाचे वजन नव्हे, लोकांची नजर. मुलीचा पाय सुजू लागला, की घरातले आधी लांब परकर शिवतात, डॉक्टर नंतर. पुरुष अंडवृद्धी वर्षानुवर्षे लपवतो, वास्तविक साध्या शस्त्रक्रियेने ती बरी होते. लाजेने माणूस बाजार सोडतो, लग्नकार्य सोडतो, मग चालणेच सोडतो. आणि चालणे सुटले की पाय आणखी सुजतो, कारण लसीकेचा रस वर ढकलायला पोटरीची हालचाल लागते. लाज कशी देहात उतरते ती अशी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला होता, की जगभरच्या या रोग्यांच्या खिन्नतेचा बोजा खुद्द शारीरिक रोगाच्या बोजाच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

पण याची उजळ बाजूही आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात गेर्‍हुझा द्रेयर या डॉक्टरणीने रोग्यांकडे बारकाईने पाहिले. हत्तीपायाच्या माणसाला अधूनमधून हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होतो, ठणकतो, आणि प्रत्येक तापानंतर सूज एक पायरी वर चढते. हे झटके कृमीमुळे येतात असा समज होता. तिने दाखवले, की बहुतेक झटके साध्या जंतूंमुळे येतात. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा, चिखल्या, ओरखडे ही त्यांची दारे. पाय रोज साबणपाण्याने धुवावा, बेचके कोरडे करावे, भेगेवर मलम लावावे, पाय उंच ठेवावा, टाच-पंजा हलवावा. एवढ्याने झटके कमी होतात आणि पाय वाढायचा थांबतो. तिने रोग्यांची मंडळे काढली, त्यांना आशामंडळे म्हणू. तिथे रोगी एकमेकांसमोर पाय उघडा करीत, एकमेकांचे धुणे पाहत. इतकी वर्षे झाकलेला पाय चारचौघांत उघडा करणे, हा त्या उपचाराचा पहिला डोस होता असे मला वाटते. आपल्याकडे केरळात कासरगोडला डॉ. नरहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातली पद्धत, योगासने आणि पट्टी बांधणे यांची नव्या वैद्यकाशी सांगड घालून याच रोग्यांसाठी काम उभे केले आहे.

आमच्याकडे या धुण्याला सगळ्यांत अवघड काळ म्हणजे रोवणीचा. आषाढ-श्रावणात बाया सकाळपासून सांजेपर्यंत बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावतात. पायांच्या बोटांना चिखल्या होतात, खडे-काटे लागतात, आणि ज्या बाईचा पाय आधीच भरला आहे तिच्या पायात जंतू शिरायला याहून सोयीची वेळ नाही. हत्तीपायाच्या माणसाने चिखलात उतरू नये, असे वैद्यकीय पत्रक म्हणते. पत्रक लिहिणाऱ्याने रोवणीची मजुरी सोडून चूल कशी पेटते हेही लिहायला हवे होते. ती बाई उतरणारच. मग बांधीतून घरी आल्यावर चुलीपुढे बसण्याआधी तिने आपल्या पायाशी दहा मिनिटे बसायचे: एक बादली स्वच्छ पाणी, अंगाचा साधा साबण, जुन्या धुतलेल्या लुगड्याचा मऊ तुकडा. करंगळीपासून सुरुवात करायची, प्रत्येक बेचके उघडून धुवायचे आणि टिपून कोरडे करायचे, घासायचे नाही. त्या दहा मिनिटांत भाकरीचा तवा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला हवा.